गोगलगाय आणि पायात लोखंड

रॅकवाला (ऐरोली)
शनिवार, रात्री १०.४०

मंडळी, एरवी मी इथे नुसता वाचत असतो. आज लिहितोय, कारण एक प्राणी चार दिवस डोक्यातून जात नाहीये आणि घरात ऐकून घेणारं आता कोणी उरलेलं नाही.

मी रबाळे एमआयडीसीत प्लेटिंग करतो, म्हणजे धातूचा मुलामा चढवतो, १९ वर्षं झाली. निकेल, झिंक, थोडं तांबं. जॉब आला की घासायचा, तेल काढायचं, आम्लातून काढायचा, रॅकवर टांगायचा, बाथमध्ये, म्हणजे द्रावणाच्या टाकीत, सोडायचा आणि रेक्टिफायर चालू करून करंट द्यायचा. माल आत घेतो तिथे टेबलाशी दोरीला बांधलेला एक लोहचुंबक लटकत असतो. गिऱ्हाईक पितळ म्हणून देतं ते पितळच आहे का, हे बघायला. चिकटला की समजायचं, आत लोखंड आहे.

तर पुतण्याने मोबाइलवर एक गोगलगाय दाखवली. काळी, लहान लिंबाएवढी. पायाच्या कडेला कौलं रचावीत तसे एकावर एक खवले, आणि ते खवले म्हणे लोखंडाचे. नेमकं बोलायचं तर लोखंडाच्या सल्फाइडचे. म्हणाला, "काका, हिला चुंबक चिकटतो." मी म्हटलं, बनावट फोटो असणार, हल्ली काय वाट्टेल ते बनवतात. पण खरी निघाली. २००१ साली हिंदी महासागराच्या तळाशी, कैरेई नावाच्या जागी, २४०० मीटरहून जास्त खोलीवर सापडली. नकाशा काढून बघितला. आपल्यापासून जवळजवळ नाकासमोर दक्षिणेला, पाच हजार किलोमीटर. मध्ये चार बेटं सोडली तर सगळं पाणी.

शंखाला तीन थर. आत चुन्याचा, साधारण २५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). मध्ये मऊ सेंद्रिय, १५० मायक्रॉन. आणि सगळ्यात वर लोखंडी सल्फाइड, ३० मायक्रॉन. हा आकडा मी दोनदा वाचला. नळाला आम्ही आठ-दहा मायक्रॉन निकेल चढवतो. पावसापाण्यात राहणाऱ्या जॉबला कोणी ३० मागितलं तर आधी रेट सांगतो, मग चहा विचारतो. आणि ही बाई समुद्राच्या तळाशी बसून, ना रॅक, ना रेक्टिफायर, ३० मायक्रॉन घेऊन बसलीय.

माझे प्रश्न तीन. करंटशिवाय हे चढतं कसं? खाऱ्या पाण्यात गंजत कसं नाही? आणि तिथे मिट्ट काळोखात ती खाते काय?

कोणाला माहीत असेल तर सांगा. सोप्या भाषेत, मी बारावी नापास आहे.

कळवा फास्ट
शनिवार, रात्री १०.५२

"गोगलगाय आणि पोटात पाय" ऐकलं होतं. पायात लोखंड असलेली आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे.

सागरिका (नेरुळ)
शनिवार, रात्री ११.२०

रॅकवाला, धागा काढलात म्हणून आधी आभार. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून आता निवृत्त झाले आहे. या प्राण्यावर मुलांचे वर्ग घेतलेत, पण कोणी मायक्रॉनवरून सुरुवात केली नव्हती.

कळवा फास्ट, तुमची म्हण बरोबर ठिकाणी बसते. गोगलगायींच्या वर्गाला शास्त्रात गॅस्ट्रोपॉड म्हणतात. ग्रीकमध्ये गॅस्टर म्हणजे पोट आणि पूस, पोडोस म्हणजे पाय. ग्रीक भाषेने आणि आपल्या आजीने एकच गोष्ट बघितली, आपण फक्त तिच्यात कावेबाजपणा मिसळला.

हिचं शास्त्रीय नाव क्रायसोमॅलॉन स्क्वामिफेरम. पहिल्या शब्दाचा अर्थ सोनेरी केसांची, दुसऱ्याचा खवले धारण करणारी. सोनेरी कशामुळे, तर लोखंडी सल्फाइडचा एक प्रकार म्हणजे पायराइट, ज्याला भोळे लोक सोनं समजून फसतात. चुंबकाला चिकटतो तो दुसरा प्रकार, ग्रेगाइट. गंमत म्हणजे २००१ला सापडली, २००३ला 'सायन्स'मध्ये छापून आली, पण रीतसर नामकरण झालं २०१५ला. चौदा वर्षं बाळाचं बारसं नाही!

आता खाण्याचं. ती खातच नाही म्हटलं तरी चालेल. समुद्रतळाला भेगा असतात, पाणी आत झिरपतं, खालच्या तप्त खडकामुळे तापतं आणि धातू, हायड्रोजन सल्फाइड असं बरंच काही विरघळवून उसळून वर येतं. काही ठिकाणी ३५० अंशांच्या वर. इतक्या दाबाखाली ते उकळत नाही. बाहेरचं पाणी दोनेक अंशांचं. दोन्ही भेटले की विरघळलेले धातू सल्फाइड होऊन काळ्या ढगासारखे बाहेर पडतात आणि साचून साचून धुराड्यांसारख्या चिमण्या उभ्या राहतात. ढग दिसतो धुरासारखा, पण धूर नव्हे, बारीक खनिज आहे ते. अशा झऱ्यांभोवतीचं जीवन माणसाने पहिल्यांदा १९७७ मध्ये पाहिलं, गालापागोसजवळ, 'अल्विन' पाणबुडीतून.

या गोगलगायीच्या अन्ननलिकेला जोडलेली एक ग्रंथी प्रचंड फुगलेली असते आणि तिच्यात जिवाणू ठासून भरलेले असतात. ते हायड्रोजन सल्फाइडमधून ऊर्जा काढतात आणि अन्न तयार करतात, सूर्यप्रकाशाशिवाय. त्या बदल्यात घरमालकिणीने त्यांना ऑक्सिजन आणि सल्फाइड पोचवायचं. त्यासाठी गिल, म्हणजे कल्ले, मोठे आणि हृदय केवढं, तर शरीराच्या आकारमानाच्या सुमारे ४ टक्के. संशोधकांनी त्या हृदयाला ड्रॅगनचं हृदय म्हटलं होतं. स्वतःचं आतडं वगैरे मात्र नावापुरतं.

थोडक्यात, भाडेकरूंसाठी राबणारी मालकीण. मुलामा कसा चढतो ते उद्या सांगते, आता डोळे मिटताहेत.

मुक्ताची आई (घोडबंदर)
रविवार, सकाळी ८.१५

सागरिकाताई, लेकीला वाचून दाखवलं. चौथीत आहे. तिचा प्रश्न, एवढं पाणी डोक्यावर असून ती चिरडत का नाही? लोखंड त्यासाठीच आहे का?

रॅकवाला (ऐरोली)
रविवार, सकाळी ८.४०

बरोबर विचारलंस बेटा. आमच्या कॉम्प्रेसरचा काटा सात किलोवर असतो आणि तेवढ्यात जुना पाइप शिट्टी मारतो. २४०० मीटरवर हिशोब केला तर काटा २४० किलोच्या आसपास जाईल. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर पाव टन.

सागरिका (नेरुळ)
रविवार, सकाळी ९.३०

मुक्ताला सांगा, चिरडतं ते पोकळ असतं ते. तिच्या अंगात हवेची पोकळी नाही, आत पाणी, बाहेर पाणी, दोन्हीकडून दाब सारखा. बंद रिकामी बाटली खोल नेली तर चेपते, पाण्याने भरलेली पिशवी चेपत नाही. माणसाला तिथे जायचं तर फुप्फुसांसाठी हवा न्यावी लागते, म्हणून भक्कम गोळा लागतो. आपल्या 'मत्स्य ६०००' या पाणबुडीचा गोळा टायटॅनियमचा आहे, भिंत ८० मिलिमीटर जाड, आत तिघांना बसता येईल एवढी जागा.

म्हणजे लोखंड दाबासाठी नाही. मग कशासाठी, हाच खरा वादाचा मुद्दा आहे. आधी सगळ्यांना वाटलं, चिलखत. तिथे विषारी दात रोवणाऱ्या शिकारी गोगलगायी आहेत, खेकडे आहेत. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी शंखावर हिऱ्याचं बारीक टोक दाबून बघितलं. वरच्या थराला बारीक भेगा जातात आणि त्यात जोर जिरतो, मधला मऊ थर धक्का खातो, त्यामुळे तडा आतपर्यंत पोचत नाही, असं त्यांचं निरीक्षण. हेल्मेट, चिलखत यांना उपयोग होईल अशी चर्चा झाली आणि वर्तमानपत्रांना मथळा मिळाला.

विद्या कुंडीवाली
रविवार, सकाळी १०.०५

गोगलगायींचा धागा आहे म्हणून विचारते. बेलापूरला तळमजल्यावर राहतो, पाऊस सुरू झाला की मुठीएवढ्या गोगलगायी भिंतीवर चढतात, झेंडू, पुदिना काही ठेवत नाहीत. मीठ टाकून टाकून कंटाळले. काही उपाय?

सागरिका (नेरुळ)
रविवार, सकाळी १०.१२

विद्याताई, त्या आफ्रिकन गोगलगायी. आपल्या इथल्या नव्हेत, बाहेरून आलेल्या. मीठ टाकू नका, कुंडीतली माती खराब होते. संध्याकाळी टॉर्च घेऊन वेचा, पण उघड्या हाताने नाही, हातमोजे घालून. त्यांच्यात माणसाला त्रासदायक कृमी असू शकतात. पुढचं वेगळ्या धाग्यात बोलू.

कळवा फास्ट
रविवार, सकाळी १०.१४

त्यांनाही चुंबक लावून बघा, ताई.

नाखवा (विटावा)
रविवार, दुपारी १.५०

रॅकवाला, तुमचा सल्फाइड आम्ही जन्मापासून हुंगतोय. ओहोटीला खाडीत उतरा, तिवरांच्या मुळाशी. वर दोन बोटं तपकिरी चिखल, खाली कोळशासारखा काळा. पाय घातला की सडक्या अंड्याचा वास. लोक सगळा वास कारखान्यांवर ढकलतात. कारखान्यांचा वाटा आहेच, त्यावर बोलायला बसलो तर रात्र होईल. पण हा वास खाडीचा स्वतःचा पण आहे. आजा सांगायचा, एक कारखाना नव्हता तेव्हापासून आहे.

आय खुबे काढायला उतरायची तेव्हा पायातली जोडवी काढून ओच्यात बांधायची. मी विचारलं, कशाला? तर म्हणाली, खाडी चांदी खाते. एकदा विसरली. दोन तासांनी वर आली तर जोडवी तव्यासारखी काळी. नंतर राखेने घासघासून पांढरी केली, पण पहिल्यासारखी नाय झाली.

त्या काळ्या चिखलात तुमच्या गोगलगायीचं लोखंड आहे का ते ताईंना विचारा.

सागरिका (नेरुळ)
रविवार, दुपारी २.३०

नाखवा, काय नेमकं सांगितलंत! खाडी चांदी खाते! चांदीवर बसलेला तो काळा थर म्हणजे चांदीचं सल्फाइड.

आणि हो, चिखलाचा काळा रंग मुख्यतः लोखंडी सल्फाइडचाच. चिखलात पानं कुजतात, आत हवा पोचत नाही, तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. मातीत लोखंड असतंच. दोघं भेटले की काळं. वरची दोन बोटं तपकिरी, कारण तिथे हवा पोचते आणि तो थर गंजतो. यातच रॅकवालांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. लोखंडी सल्फाइड हवेत ओलं ठेवलं तर गंजतंच. शंख वर आणून नीट ठेवला नाही तर त्यालाही ते चुकत नाही.

रॅकवाला (ऐरोली)
रविवार, रात्री ९.४५

आज सुट्टी असून दिवसभर कामच डोक्यात. नाखवांचं वाचलं आणि एकदम आमची ईटीपीची, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायची, टाकी आठवली.

सांगतो. प्लेटिंगनंतर जॉब धुतला की धुण्याच्या पाण्यात धातू जातो. दिसत नाही, पाणी हिरवट किंवा नितळ असतं, पण धातू विरघळलेला असतो. तसं पाणी सोडता येत नाही. आधी चुना, कॉस्टिक वगैरे टाकून धातू खाली बसवायचा. त्यातूनही जो चिवटपणे वर राहतो त्याला शेवटी सोडियम सल्फाइड. बादलीतून हळूहळू सोडायचं. नितळ पाण्यात शाई टाकावी तशा काळ्या रेघा उतरतात, मग गोळे होतात आणि तळाला काळा गाळ. यात चुकून आम्लाचं पाणी गेलं तर मात्र पळायचं, तोच सडक्या अंड्याचा गॅस सुटतो. आणि जास्त झाला की वास यायचाही बंद होतो, तेव्हा समजायचं धोका आहे. पोरांना हे मी पहिल्या दिवशी शिकवतो.

तर मला वाटतं, ही गोगलगाय प्लेटिंग करतच नाहीये. करंट शोधत बसलो ते चुकलं. ती ईटीपी चालवतेय. तिच्या अंगात सल्फाइड, बाहेरच्या पाण्यात विरघळलेलं लोखंड. दोन्ही जिथे भेटतात तिथे काळा गाळ. आमचा तळाला बसतो, हिचा अंगावर. बरोबर का, मॅडम?

सागरिका (नेरुळ)
रविवार, रात्री १०.३०

रॅकवाला, बारावी नापास हे शब्द परत लिहू नका.

२०१९ मध्ये जपानी संशोधकांनी जवळपास हेच मांडलं. त्यांनी खवल्यांचे अगदी पातळ काप काढून बघितले. खवल्याच्या आत बारीक नळ्यांसारख्या वाटा आहेत आणि त्यांतून गंधक आतून बाहेर येतं. बाहेरच्या पाण्यातलं लोखंड आत झिरपतं. वाटेत दोघांची गाठ पडली की लोखंडी सल्फाइडचे अतिसूक्ष्म कण तिथेच बसतात. गंधक तिचं, लोखंड पाण्याचं.

आणि याला पुरावा देणारी दुसरी वस्ती आहे. कैरेईपासून दूर, समुद्राखालच्या त्याच मध्य हिंदी पर्वतरांगेवर सॉलिटेअर नावाची जागा. २००९ मध्ये तिथेही याच गोगलगायी सापडल्या. जात तीच, खवले तेच, पण पांढरे. लोखंड नाही. कारण तिथल्या झऱ्याच्या पाण्यात लोखंड फार कमी. पांढऱ्या गोगलगायी आजारी वगैरे नव्हत्या, झकास जगत होत्या.

आता चिलखताचं. दोन्हीकडचे खवले वाकवून तोडून बघितले तेव्हा पांढरे जास्त मजबूत निघाले. लोखंडवाले आधी तुटले!

ठाम मत (वाशी)
रविवार, रात्री ११.०५

म्हणजे इतकी वर्षं 'लोखंडी चिलखत' म्हणून जो गाजावाजा झाला तो पोकळ? एमआयटीवाले चुकले?

सागरिका (नेरुळ)
रविवार, रात्री ११.२०

चुकले असं मी म्हणणार नाही. त्यांनी कैरेईचा शंख तपासला आणि त्या शंखाची रचना धक्का सोसते हे खरंच आहे. पायावरचे खवले वेगळे आणि शंख वेगळा. पण 'लोखंड शत्रूपासून बचावासाठीच आलं' हे वाक्य आता तितक्या ठसक्यात म्हणता येत नाही. सल्फाइड विषारी आहे, पेशींचा श्वास अडवतं. भाडेकरूंसाठी तेच घरात आणायचं म्हटल्यावर नको असलेलं गंधक बाहेर टाकायला वाट हवी. खवले म्हणजे ती वाट असेल. माझा स्वतःचा कल या बाजूला आहे.

रॅकवाला (ऐरोली)
रविवार, रात्री ११.३५

लोखंडवाले आधी तुटले याचं आम्हाला नवल नाही. स्प्रिंगला झिंक चढवलं आणि लगेच भट्टीत तापवून घेतलं नाही तर ती काचेसारखी तुटते. कारण वेगळं आहे, तिथे हायड्रोजन आत शिरतो. पण वर मुलामा चढला म्हणजे माल मजबूत झाला, ही समजूत गिऱ्हाइकांचीच असते.

चिलखत नाही, चिमणी आहे. मला हे जास्त पटतं.

ठाम मत (वाशी)
सोमवार, सकाळी ७.५०

चिमणी म्हणा, काही म्हणा. मला वेगळा मुद्दा मांडायचा आहे. तुमच्या त्या चिमण्यांमध्ये तांबं, जस्त, थोडं सोनं-चांदी आहे. मध्य आणि नैऋत्य हिंदी रांगेवर भारताला २०१६ मध्ये १०,००० चौरस किलोमीटरचं शोधक्षेत्र मिळालं, आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरणाशी करार झाला. २०२५ मध्ये कार्ल्सबर्ग रांगेसाठी दुसरा करार. खोल समुद्र मोहिमेला २०२१ मध्ये ४०७७ कोटी मंजूर झाले. २०२४च्या डिसेंबरमध्ये आपल्याच संस्थांनी ४५०० मीटरवरच्या अशा झऱ्याचे फोटो काढले. मला याचा अभिमान आहे. एका गोगलगायीसाठी हे सगळं थांबवायचं का?

मुक्ताची आई (घोडबंदर)
सोमवार, सकाळी ८.०५

थांबवा असं अजून कोणी म्हटलेलंच नाही दादा. :)

सागरिका (नेरुळ)
सोमवार, सकाळी ९.००

अभिमान मलाही आहे, फोटो बघून मी पेढे वाटायचीच बाकी होते. आणि हेही खरं की तो करार शोधाचा आहे, खाणीचा नाही. खाणकामाचे नियम प्राधिकरणात अजून ठरायचेत.

पण आकडे बघा. २०१९ मध्ये ही गोगलगाय 'धोक्यात' म्हणून लाल यादीत गेली. खोल समुद्रातल्या संभाव्य खाणकामामुळे यादीत गेलेली ती पहिली प्रजाती. तेव्हा तीनच वस्त्या माहीत होत्या. कैरेई जर्मनीच्या शोधक्षेत्रात, नैऋत्य रांगेवरची लोंगची चीनच्या, सॉलिटेअर मॉरिशसच्या हद्दीत. तिन्ही वस्त्या मिळून जागा किती, तर ०.०२ चौरस किलोमीटर.

नाखवा (विटावा)
सोमवार, सकाळी ९.२०

एकरात सांगा.

सागरिका (नेरुळ)
सोमवार, सकाळी ९.२४

पाच एकर.

नाखवा (विटावा)
सोमवार, सकाळी ९.२६

पाच एकर तर आमच्या एका माणसाची शेती होती, गेली ती.

ठाम मत (वाशी)
सोमवार, सकाळी ९.४०

पाच एकर सोडून बाकीचं खणा मग. एवढा समुद्र पडलाय.

सागरिका (नेरुळ)
सोमवार, सकाळी १०.१०

तसं झालं तर उत्तमच. अडचण एवढीच की खणणारे आणि राहणारे एकाच चिमणीवर येतात. धातू साचतो तिथेच जिवाणूंना सल्फाइड मिळतं. थंड झालेल्या, मेलेल्या चिमण्या खणा असा एक पर्याय मांडला जातो आणि तो मला वेडगळ वाटत नाही. पण खणताना उठणारा गाळ शेजारी जाऊन बसणारच. लोंगचीच्या गोगलगायींचा बाकीच्या दोन वस्त्यांशी संबंध जनुकीय तपासणीत फारच कमी दिसला. तिथल्या संपल्या तर दुसरीकडून पिल्लं वाहत येतील, यावर भिस्त ठेवता येणार नाही.

रॅकवाला (ऐरोली)
सोमवार, रात्री ९.१५

माझं पोट जस्त आणि निकेलवर आहे, त्यामुळे खाणीला नावं ठेवायला मला तोंड नाही. धातू कुठून तरी खणूनच येतो, आमच्याकडे गोणीतून आणि पाट्यांच्या रूपात येतो म्हणून दिसत नाही एवढंच. ठाम मत, तुमचं म्हणणं मी समजू शकतो. पण पाच एकर ऐकल्यावर हात आखडला. आमचा गाळा, शेजारचे गाळे आणि रस्ता धरला तर तेवढं होईल.

बरं, दुसरं सांगायचं होतं. ऑफिसहून येताना नाखवांना भेटलो. त्यांनी आइस्क्रीमच्या डब्यात काळा चिखल दिला. बाल्कनीत पेपरवर पसरलाय. बायको बोलत नाही.

नाखवा (विटावा)
सोमवार, रात्री ९.३०

डब्याला झाकण लावून दिला होता. उघडला तुम्ही.

रॅकवाला (ऐरोली)
गुरुवार, रात्री ९.५०

चिखलाचा अहवाल. पहिल्या रात्री काळा. दुसऱ्या सकाळी कडा तपकिरी. आज पूर्ण तपकिरी, ढेकूळ फोडलं तर मधोमध वाटाण्याएवढा काळा ठिपका शिल्लक. वास गेला. पेपरखाली चुंबक फिरवला तर काही कण उभे राहिले आणि चुंबकामागे चालले. मॅडम, हे ग्रेगाइट का?

सागरिका (नेरुळ)
गुरुवार, रात्री १०.२०

सांगता येणार नाही. आपल्याकडचा सह्याद्री मुख्यतः बेसॉल्टचा, त्यात मॅग्नेटाइट हे लोखंडाचं खनिज असतंच, तेही चुंबकाला चिकटतं आणि पाण्याबरोबर वाहून खाडीत येतं. कोकणात काही किनाऱ्यांवर काळी वाळू दिसते ती तशीच. पण तपकिरी होणं तुम्ही अचूक टिपलंत.

मुक्ताची आई (घोडबंदर)
गुरुवार, रात्री १०.३०

मुक्ताला शाळेच्या प्रदर्शनात हीच गोगलगाय ठेवायची आहे. तिने मातीची केली होती, पण आता म्हणते खऱ्या शंखावर खरं लोखंड हवं. रॅकवाला काका, शंखाला प्लेटिंग होतं का?

रॅकवाला (ऐरोली)
गुरुवार, रात्री १०.४५

शंखातून करंट जात नाही. पण वर ग्राफाइटची पूड चोळली की जातो. मग तांबं चढेल. उरणच्या किनाऱ्यावरून आणलेले चार शंख घरी शोकेसमध्ये आहेत, त्यातला एक घेतो. उद्या रात्रपाळीला बघतो.

रॅकवाला (ऐरोली)
शनिवार, सकाळी ७.३०

फजिती झाली. आमचा तांब्याचा बाथ आम्लाचा. ग्राफाइट चोळून, तारेने बांधून शंख आत सोडला आणि सोड्याची बाटली उघडल्यासारखा फसफसला. पोरं हसायला लागली. शंख चुन्याचा, आम्लात कसा टिकणार, हे १९ वर्षांनी मला सुचू नये? बाहेर काढेपर्यंत टोक गायब आणि कडा कागदासारखी.

शंख हातात धरून उभा होतो तेव्हा डोक्यात आलं. मॅडम, झऱ्याचं पाणी आम्लाचं असतं ना? आणि हिचा आतला थर चुन्याचाच?

सागरिका (नेरुळ)
शनिवार, सकाळी ८.१०

आम्लधर्मीच असतं. आतला थर अ‍ॅरॅगोनाइट, म्हणजे चुन्याचाच एक प्रकार. वरचे दोन थर त्याला त्या पाण्यापासून वाचवत असावेत, हे एमआयटीच्या अभ्यासातही आलं होतं. मधल्या १५० मायक्रॉनच्या मऊ थराकडे मात्र कोणाचं फारसं लक्ष जात नाही, सगळे लोखंडाचे फोटो काढतात.

रॅकवाला (ऐरोली)
शनिवार, सकाळी ८.२५

तो मऊ थर म्हणजे आमचं वॉर्निश. जिथे मुलामा नको तिथे आम्ही लावतो, बाथ आत शिरत नाही. दुसऱ्या शंखाला आतून-बाहेरून वॉर्निशचे तीन हात दिलेत, वाळला की ग्राफाइट, मग तांबं.

रॅकवाला (ऐरोली)
रविवार, सकाळी ६.५०

चढलं. गुलाबी, एकसारखं, फक्त तार बांधली होती तिथे टिकलीएवढा डाग. रॅकवर नळांच्या रांगेत एकटा शंख लटकतोय, फोटो टाकतो. ठाण्याला तलावपाळीपाशी आणून देऊ का?

मुक्ताची आई (घोडबंदर)
रविवार, सकाळी ८.००

काका, किती सुंदर! मुक्ता नाचतेय. पण विचारतेय, याला चुंबक चिकटेल का?

रॅकवाला (ऐरोली)
रविवार, सकाळी ८.०४

तांब्याला नाही चिकटणार. निकेलला चिकटतो. तिला म्हणावं दोन दिवस थांब, उद्या निकेलमध्ये सोडतो.